बिलातली ज्युनियर डिझायनर

इंटिरियर डिझाइनच्या त्या ऑफिसात आम्ही तिघं इंटर्न. पहिल्याच दिवशी सरांनी सांगून टाकलं, ''इथे पगार नाही, अनुभव आहे.'' गरजवंताला अक्कल नसते. मी मान डोलावली. घरी बाबा म्हणाले, ''अनुभवावर बसचा पास मिळतो का गं?'' बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आधी भाव ठरवायचा, मग स्क्रू सोडायचा, ही त्यांची रीत. पाच महिने मी त्यांच्याच खिशातून बसचे पैसे घेत होते आणि मला त्याची लाज वाटायची.

एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम माझ्याकडे होतं. काउंटर, बाकडी, औषधांची कपाटं, सगळ्याची ड्रॉइंग्ज मीच काढलेली. एका सकाळी बाई बिल घेऊन तणतणत आल्या.

''ही ज्युनियर डिझायनर कोण? तासाचे एवढे पैसे? अहो, माझी तपासणीची फीसुद्धा एवढी नाही!''

सरांना खोकला आला. मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

''ती मीच, मॅडम. पण मला तासाचे काही मिळत नाहीत. महिन्याचेही नाहीत.''

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. ''नीट बिल पाठवा,'' एवढंच बोलून त्या निघाल्या. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

''घरातल्या गोष्टी चारचौघांत बोलतात का?''

''घरातली असते तर दुपारी जेवायला तरी वाढलं असतं, सर.''

''तुझ्या जागेसाठी रांग लागलीये.''

''लागू दे की. रांगेतल्यांनाही माझा भाव सांगा. तुम्हीच ठरवलाय.''

बोलले खरी, पण मनात हिशोब सुरू झाला. सरांनी इंटर्नशिपचं सर्टिफिकेट दिलं नाही, तर पाच महिने पाण्यात. तरी मागे हटायचं नव्हतं. काम माझं होतं, चांगलं होतं आणि ते विकलं जात होतं. मला राग आला होता आणि चक्क बरंही वाटत होतं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ''किती हवेत?''

''बिलात माझ्या नावावर लावता त्याच्या निम्मे. पहिल्या दिवसापासून.''

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

''बरं. पण आवाज खाली,'' ते कुजबुजले. ''बाकीच्या दोघांना कळता कामा नये.''

''त्यांना कळलंय, सर,'' मी दार उघडत म्हटलं. दोघंही दाराला कान लावून उभे होते. ''या रे आत.''