प्रसन्न म्हणाला, धुकं हटलं

आई मागे बसली होती, प्रसन्नच्या शेजारी. गाडी मी चालवत होते आणि माझ्या शेजारच्या सीटवर चिवड्याची पिशवी होती. तिला मी पट्टा लावला होता, कारण पिशवीचं वजन जाणवलं की गाडी टिंगटिंग करत सुटते.

सरळच सांगते, मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. वय एक्केचाळीस, नोकरी आहे, नवरा आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि तरीही वाटतो. प्रसन्न माझ्याहून सात वर्षांनी लहान. क्योतोच्या विद्यापीठात शेवाळावर संशोधन करतो. आई सांगलीहून आली ती दोन महिने माझ्याकडे, टोक्योजवळ ग्योतोकुला. तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध मी घातलं, तिला ज्वारीची भाकरी लागते म्हणून तीन दुकानं मी पालथी घातली. आणि हा परवा उगवला, क्योतोच्या मिठाईची पेटी हातात घेऊन, तर आई दारातूनच ओरडली, "आला गं माझा राजा!" मला जन्मात कधी राणी म्हणाली नाही. मला विभा म्हणते, तेही हजेरी घेतल्यासारखं.

हजेरी घ्यायची सवयच तिला. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशे फळ्यावर हाताने काढायची आणि देशाची सीमा आली की तुटक रेष, टक टक टक खडू आपटत. "एवढ्या सीमा काढल्या," असं नेहमी म्हणायची, "पण एकही डोळ्यांनी बघितली नाही." आता डोळेच जायला निघाले होते. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना आजार आहे, इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले होते की नजर हळूहळू कमी होईल, पण एखाद्या दिवशी एकदमही जाऊ शकते. रोज सकाळी ती एक डोळा झाकून चौकड्यांच्या कागदाकडे बघते, रेषा वाकड्या दिसतायत का ते. पुढच्या बुधवारी ती परत जाणार होती, आणि पुन्हा इतक्या लांब येईल याची काही खात्री नव्हती.

म्हणून हा प्रवास काढला. होक्काइदोचं पूर्वेचं टोक, नोसाप्पू. तिथून चारेक किलोमीटरवर समुद्रात एक चपटं बेट आहे, त्यावर दीपस्तंभ. जपान म्हणतो बेट आमचं, ताबा आहे रशियाचा. मधल्या पाण्यात कुठेतरी आईची तुटक रेष.

विमान, हॉटेल, गाडी, जेवायला कुठे थांबायचं, सगळं मी ठरवलं. एक्सेलमध्ये. आणि आईने सांगलीच्या मैत्रिणींना फोनवर बोलून निरोप पाठवला, "प्रसन्न मला सीमा दाखवायला नेतोय बरं का." मी तिथेच भांडी घासत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकदा, फक्त एकदा तिने म्हणावं ना, विभाने नेलं, विभाने दाखवलं! एवढंच मला हवं होतं. लहान मुलीसारखं वाटतंय ना? वाटू दे.

तर विमानतळावर उतरलो आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर प्रसन्नने ऐटीत आपला आंतरराष्ट्रीय परवाना पुढे केला. काउंटरवरच्या बाईंनी परवाना बघितला, पासपोर्ट बघितला, शिक्के मोजले आणि तीन वेळा वाकून माफी मागितली. गाडी देता येणार नाही.

"का? नवा कोरा आहे! दिवाळीला पुण्याला गेलो तेव्हा काढलाय."

"किती दिवस होतास पुण्याला?" मी विचारलं.

"तीन आठवडे."

"तीन महिने राहावं लागतं, शहाण्या. इथे राहणाऱ्या माणसाने तीन आठवड्यांत नवा परवाना आणून भागत नाही."

इथल्या अर्ध्याअधिक देशी पोरांचा हाच समज. गावी जायचं, आरटीओतून परवान्याचं नवं पुस्तक आणायचं आणि वर्षभर निवांत. मी तसं केलं नव्हतं. मी इथली परीक्षा दिली होती, चौथ्या प्रयत्नात पास झाले होते, आरशात बघताना मान पुरेशी वळत नाही म्हणून तीनदा नापास होऊन. पर्समधून माझं लायसन्स काढलं आणि काउंटरवर ठेवलं. त्यावर सोनेरी पट्टी आहे. पाच वर्षांत एकही गुन्हा नसला की ती मिळते. त्या बाई कौतुकाने "ओऽ" म्हणाल्या.

गुन्हा कुठून असणार? गेल्या आठ वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. अशांना इथे पेपर ड्रायव्हर म्हणतात. पण ते मी त्या क्षणी कुणाला सांगायला गेले नाही. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! प्रसन्नचं तोंड एवढंसं झालं होतं, आता मी चालवणार आणि आई माझ्या शेजारी बसणार.

आई गाडीजवळ आली, पुढचं दार चाचपलं आणि म्हणाली, "मी मागे बसते. राजा, तू माझ्याजवळ बस, बाहेर काय काय दिसतंय ते सांग मला."

झालं. मी ड्रायव्हर.

पहिली वीस मिनिटं मी चाळीसच्या वर गेले नाही. मागे ट्रक साठले. इकडे प्रसन्नने नोसाप्पूच्या माहितीपत्रकावरचा फोन नंबर नेव्हिगेशनमध्ये घातला, इथे नंबर टाकला की गाडी बरोबर त्या जागी नेते. पन्नास मिनिटांनी गाडी गोड आवाजात म्हणाली, पोहोचलो. समोर छापखाना होता. ज्यांनी ते पत्रक छापलं त्यांचा नंबर खाली बारीक अक्षरांत होता, आणि आमच्या शेवाळाच्या डॉक्टरसाहेबांना जपानी वाचता येत नाही.

"लहानपणापासून असाच धांदरट आहे माझा राजा," आई हसून हसून बेजार. मी रस्ता चुकले असते ना, तर तिथेच उभी करून नकाशा काढायला लावला असता!

गाडी वळवली. पुढे एका वळणावर रस्त्याच्या मधोमध हरीण उभं. मी करकचून ब्रेक दाबला. मागून प्रसन्न ओरडला, "आई, हरीण! केवढी शिंगं!"

"कुठे, कुठे? बाई, याला कसं सगळं पटकन दिसतं!"

त्याला दिसलं! आणि ब्रेक काय चिवड्याने दाबला? आरशात बघितलं तर आईने त्याचा हात धरला होता आणि तो तिच्या कानाशी लागून सांगत होता, डावीकडे गवत आहे, गायी आहेत, आता पाटीवर रशियन अक्षरं आली. इतकं छान सांगत होता की मलाही ऐकावंसं वाटत होतं, आणि त्यामुळे तर आणखीच जळफळाट होत होता.

शेवटच्या दहा किलोमीटरवर समुद्राकडून धुकं आलं. दिवे लावून, मान पुढे काढून, रांगत रांगत मी गाडी नोसाप्पूला नेली. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. "आता धुकं रे," आई पुटपुटली. "हटेल गं," प्रसन्न म्हणाला आणि तिला घेऊन पुढे कठड्याकडे गेला. मी मागे राहिले. गाडी रेषांच्या मध्ये लावायला मला पाच वेळा मागेपुढे करावं लागलं.

मी पोहोचले तेव्हा दोघं कठड्याला धरून उभे होते. पलीकडे काही म्हणजे काही नव्हतं. खाली लाटांचा आवाज येत होता, पण लाटा दिसत नव्हत्या.

आणि प्रसन्न सांगत होता, "बघ आई, हटलं धुकं! बरोबर नाकासमोर बघ. चपटं बेट आहे ना, त्यावर दीपस्तंभ. दिसला? आणि त्याच्या डावीकडे बोट, रशियाची असणार. तुझी रेष या बोटीच्या अलीकडे."

"हो का?" आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "किती छान."

आता मला खरं बोलायची फार चाड आहे म्हणून मी बोलले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं. औषध मी घातलं, गाडी मी चालवली आणि सीमा दाखवणार हा, तीही खोटी! आणि सांगलीला निरोप जाणार की प्रसन्नने दाखवली. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

"आई, थापा मारतोय तो," मी म्हणाले. "धुकं जराही हटलेलं नाही. काही दिसत नाहीये."

"ताई!" प्रसन्न दात-ओठ खात म्हणाला. "गप्प बस ना."

"का गप्प बसू? बेट नाही, बोट नाही, काही नाही. सगळं पांढरं आहे नुसतं."

आई माझ्याकडे वळली. "विभा," ती म्हणाली, अगदी वर्गातल्या आवाजात. "खरं सांग. तुलापण पांढरंच दिसतंय?"

"हो."

"समुद्रसुद्धा नाही?"

"नाही. कठड्याच्या पुढे काहीच नाही."

"याला?"

प्रसन्न खाली बघत होता. "मलाही नाही दिसत, आई," तो म्हणाला. "तू एवढ्या लांब आलीस, म्हणून म्हटलं..."

आई तिथेच खाली बसायला लागली. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून तिला बाकावर बसवलं. "अरे देवा," ती म्हणत होती, "अरे देवा, मला वाटलं गेले माझे डोळे. आत्ता, इथे, उभ्याउभ्या गेले. हा म्हणतोय धुकं हटलं, हा म्हणतोय बोट, आणि मला सगळं पांढरं. म्हटलं, आज तो दिवस आला. पण पोरांना आत्ता सांगायचं नाही, एवढ्या हौसेने आणलंय त्यांनी."

मग तिने प्रसन्नच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या! जीव घेतला असतास ना माझा!" आणि ती रडायला लागली, आणि हसायला लागली, आणि पदराने चष्मा पुसून पुन्हा समोर बघायला लागली. डोळे भरून धुकं बघत होती ती. प्रसन्नही रडत होता. मी बाकाच्या मागे उभी होते.

गाडीपाशी आल्यावर तिने पुढचं दार उघडलं, चिवड्याची पिशवी उचलून प्रसन्नच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू मागे बस. मी विभाजवळ बसते." बसल्यावर फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि सांगलीला निरोप बोलली.

"सीमा काही दिसली नाही गं. धुकं होतं. पण धुकं स्वच्छ दिसलं मला. विभाने दाखवलं."

इतकी वर्षं हेच वाक्य ऐकायला माझा जीव टांगणीला लागला होता. मी आरसा नीट करायला हात वर केला. मागे प्रसन्न पिशवी मांडीवर घेऊन, पट्टा लावून बसला होता आणि आरशातून माझ्याकडेच बघत होता. मी ते कशापोटी बोलले होते ते त्याला माहीत होतं. तो आईला काही बोलला नाही. मीही अजून तिला सांगितलेलं नाही.