प्लेगच्या छपरांवरचं चांदणं

१९२८ साली बेळगावातल्या एका वाचनालयानं कथास्पर्धा ठेवली आणि परशराम मास्तरांना परीक्षक नेमलं. सोबत एक वकील, एक इनामदार. शेवटी दोन कथा उरल्या, दोन्ही प्लेगच्या सालातल्या.

पहिलीत, लोक प्लेगला भिऊन गावाबाहेर राहायला गेले त्या छपरांवर चांदणं सांडत होतं. चार पानं नुसतं सांडतच होतं. माणसं मरायची तीही मोगऱ्यासारखी गळून.

"काय भाषा आहे!" वकील डोळे मिटून म्हणाले.

"भाषा आहे हो. पण त्यातल्या बाईचा नवरा गेला तेव्हा तिच्या मनात काय आलं?"

"मास्तर, तुम्ही फार खोदता."

दुसरी कथा निपाणीच्या मनुबाई या शिक्षिकेनं लिहिलेली. वाक्यं ठेचकाळत चालणारी. पण तीत एक बाई नवऱ्याच्या काखेतली प्लेगची गाठ सरकारी तपासनिसांपासून लपवते. नवरा वाचतो, शेजारच्या छपरातली तीन पोरं जातात. पुन्हा तशीच वेळ आली तर आपण काय करू, हे ती जन्मभर स्वतःला विचारत राहते. ती वाचून मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

बक्षीस चांदण्याला गेलं. दोघे एकीकडे, मास्तर एकटे.

रविवारी मास्तर तणतणत निपाणीला गेले. मनुबाई सोप्यात जोंधळे निवडत होती.

"बाई, तुमच्यावर अन्याय झाला."

"कसला अन्याय, गुरुजी? ती बक्षिसाची गोष्ट वाचली मी. लई ग्वाड लिवलंय! रडूच आलं."

"कशानं आलं?"

ती घोटाळली. "आता... आठवत न्हाय बघा." मग उत्साहानं वही घेऊन आली. "मी बी माझी सुधारलीया."

विहिरीवर कथेतली बाई त्या तीन पोरांच्या आईला, शेजारणीला भेटते ते अख्खं पान तिनं शाईनं काळं केलं होतं. त्या जागी छपरामागून चंद्र उगवत होता.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "हे करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बक्षिसानं," मनुबाई म्हणाली.

मग मास्तरांनी ते खोडलेलं पान तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. शेजारीण काही बोलत नाही, गुमान हिची कळशी भरून देते, इथवर आले आणि मुद्दाम चुकले. "...आणि ही रडली."

"न्हाय, गुरुजी!" मनुबाई ताडकन म्हणाली. "रडायला तोंड होतं व्हय तिला? कळशी उचलली आन घरला गेली."

"मग लिहा की तसं!" मास्तर खेकसले.

मनुबाईनं चंद्राचं पान टरकावलं आणि लेखणी उचलली.