काठीत मावणारे तीन थर

पोंभुर्ण्याच्या रंजीताला सर्किट बोर्ड बसवायचा होता तो तिच्या आज्याच्या काठीत. नजर गेल्यापासून हे आजोबा, वारलूभाऊ, एकटे बाजाराला जात नव्हते. समोर काही आलं की काठीची मूठ थरथरावी, एवढंच काम. वारलूभाऊंनी बजावलं होतं, "माही काठी फोडायची नाई. नवीन भोकही पाडायचं नाई."

काठी कटांग बांबूची, पोकळ, आत एका बाजूला फुगवटा. समोरच्या अंगाला किड्यानं पाडलेलं एक जुनं भोक होतं. सेन्सरला तेवढीच खिडकी. चौकोनी बोर्ड आत जाईना, म्हणून रंजीतानं तीन थर तीन आकारांचे आखले. वरचा आखूड, खालचा फुगवट्यापाशी कोरलेला आणि मधला लवचीक. त्या मधल्याची जीभ सेन्सर घेऊन भोकापर्यंत जाणारी.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं उपकरणं दुरुस्त केली. आता गावातल्या मुलांना शिकवतो. तिचं चित्र मी स्क्रीनवर तपासलं. तिन्ही थर जोडणारी छिद्रं नेमकी एकावर एक होती.

"पाठव कारखान्याला," मी म्हणालो.

"थांबा काका. आधी पुठ्ठ्याचा करून पाह्यतो."

तिनं वहीच्या पुठ्ठ्याचे थर कापले, पत्रावळीला टोचतात तशा बांबूच्या काड्यांनी टाचले आणि आज्याच्या हातात दिले. वारलूभाऊंनी एका हातानं पुठ्ठा चाचपला, दुसऱ्यानं काठी.

"रंजे, हे जीभ त मागं जाऊन राह्यली. भोक इकडं हाय."

"नाई जी आजा, स्क्रीनवर बरोबर हाय."

"मंग स्क्रीनलेच ने बाजारात!"

मी हसलो आणि मग नीट पाहिलं. मधला आकार स्क्रीनवर उतरवताना तिनं कागद उलटा ठेवून गिरवला होता. छिद्रं मधोमध एका रेषेत, म्हणून ती उलट्या कागदावरही जुळली. चौकोनी थर असता तर काहीच बिघडलं नसतं.

"तुमाले काऊन नाई दिसलं काका?"

"मी नुसती छिद्रं पाहिली, बाई. कडा पाहिल्याच नाहीत."

तिनं स्क्रीनवर थर पलटवला, नवा पुठ्ठा कापला. वारलूभाऊंनी तो दोनदा चाचपला. "आता धाड."

तीन आठवड्यांनी बोर्ड आला आणि काठीत अलगद सरकला. बाजाराच्या दिवशी वारलूभाऊ निघाले, मागून रंजीता. वळणावर एक बकरी आडवी उभी होती. मूठ थरथरली.

"हट!" वारलूभाऊ ओरडले. बकरी पळाली. मग मान न वळवता म्हणाले, "आन् तू बी हट, रंजे. घरी जाय."

रंजीता तिथंच थांबली.