लताबाईंचा जुना पासवर्ड

अमावास्येच्या सकाळी, द्वारका चौकाजवळच्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात पंचवीस माणसं सर्व्हरपुढे हात जोडून उभी होती. साल २००४. सलग तिसरी अमावास्या, आणि तिसऱ्यांदा एकाचाही पासवर्ड चालत नव्हता. खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू लावणारी माणसं आम्ही. गोरक्ष महाराजांना दर वेळी बोलावण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"यंत्रात वीज, विजेत शक्ती. शक्तीला विधवेचा हात सोसत नाही," महाराज म्हणाले. शक्तीला महाराजांच्या पुतणीचा हात मात्र सोसणार होता; त्या विधवेच्या जागेसाठी तिचा अर्ज आलाच होता.

विधवा म्हणजे लताबाई. नवऱ्याच्या जागी लागलेल्या, दोन मुलींच्या आई. चेअरमनसाहेबांनी त्यांना काढल्याचा कागद टाइप करून ठेवला होता. मी संस्थेच्या शाळेत संगणक शिकवतो. मला चीड यायला हवी होती. आली नाही. आत सगळं बधिर होतं.

महाराजांनी नारळ फोडला. सगळ्यांचे पासवर्ड चालू झाले. लताबाईंचा तेवढा नाही.

"बघा," महाराज म्हणाले.

"बाई, पासवर्ड कधी बदललात?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी. तुम्हीच सांगता ना सर, महिन्याला बदलायचा."

"आधीचा टाका."

तो चालला.

"म्हंजे शक्तीकडं जुनी यादी हाय का?" शिपाई भिका शांतपणे म्हणाला.

यादी सर्व्हरवरच सापडली. सर्व्हर सांभाळायचा सुनील, महाराजांचा शिष्य. त्याने पर्ल या संगणकभाषेत दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले होते. एक अमावास्येच्या सकाळी सगळ्यांचे पासवर्ड बदलायचा. नारळ फुटला की सुनील दुसरा चालवून फाइलीतले जुने परत बसवायचा. फाइल मागच्या अमावास्येची. आमच्याकडे लताबाई सोडून कुणी पासवर्ड बदलतच नाही, म्हणून त्याने नवी केली नव्हती.

महाराज मागच्या दाराने गेले. चेअरमनसाहेबांनी कागद फाडला. लताबाईंची माफी कुणीच मागितली नाही.

"सर, पहिल्या अमावास्येपासून मी सांगत होते, मी काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "माझं कुणी ऐकलं नाही. मशीनचं ऐकलं."

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं म्हणतात. हात जोडण्याआधी एवढं विचारा: हे कुणी केलं, कसं केलं, आणि यात कुणाची भाकरी जाते आहे? ते पहिल्याच अमावास्येला विचारा. मी तिसरीला विचारलं.