झिरपणारी मडकी

एल बारियाल गावात पाणी गाळायची मडकी दोनच माणसं करत, लिओन्सिओ आणि त्याची बायको निकोलासा. माती मळणं, साच्यात दाबणं, भट्टी लावणं त्याचं. मातीत कालवायचा लाकडाचा भुसा चाळणं तिचं. भट्टीत भुसा जळून जाई आणि त्याच्या जागी डोळ्याला न दिसणारी भोकं उरत. त्यांतून पाणी झिरपे, घाण मागे राही. विहिरीच्या पाण्यानं पोरं आजारी पडणं आता क्वचितच.

त्या मंगळवारी लिओन्सिओनं नवी मडकी पाण्यानं भरून तपासायला मांडली. तासाला दोन लिटर झिरपायला हवं. इथं पाव तासातच तेवढं खाली उतरलं. चोवीसच्या चोवीस वाया. असली मडकी चुकूनही कुणाच्या घरी जायला नकोत, ती फोडायचीच.

त्यानं चाळण उजेडात धरली. कडेला बोटभर फाटली होती; जाडा भुसा तिथूनच मातीत गेला होता, म्हणून भोकं मोठी पडली. निकोलासाला ते दिसलंच नव्हतं.

तेवढ्यात ती दारात आली. "काय झालं?"

"माती बिघडली यंदा."

"चाळीस वर्षं तीच माती, ती आजच बिघडली? म्हाताऱ्या, खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही." ती बाकावर बसली. "चाळण फाटलीय ना? ईस्टरपासून मला धूसर दिसतंय. सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून ठेवलं असतंस."

"ठेवलं असतं," त्यानं कबूल केलं.

त्यानं चाळलेला भुसा आणून तिच्या ओंजळीत घातला. तिनं तो बोटांत चोळला आणि चार जाडे कण वेचून त्याच्या तळहातावर ठेवले. चष्मा लावूनही ते त्याच्या नजरेतून सुटले होते.

"चाळेन मी," तो म्हणाला. "पण तुझ्या बोटांनी हो म्हटल्याशिवाय मूठभरही मातीत जाणार नाही."

"माझी बोटं कडक आहेत हं. रडशील."

"इतकी वर्षं रडलो नाही, आता काय रडणार?"

दोघांनी मिळून मडकी फोडली.

पुढची भट्टी उतरल्यावर तिनं विचारलं, "किती झिरपलं?"

"तासाला दोनला जरा कमी."

तिनं हात पुढे केला. त्यानं तो एका मडक्याच्या ओल्या अंगावर टेकवला आणि वर आपला हात ठेवला.