चेंबरची तोटी

गाडीचं ऑइल बदलायचं काम त्या घरात दोघांचं होतं. नवरा गाडीखाली, बायको वर. तो पाठीवर निजून इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरचा बोल्ट पान्याने ढिला करायचा, जुनं ऑइल घमेल्यात सोडायचा आणि बोल्टला नवा वायसर घालून परत आवळायचा. तोवर बायको नव्या ऑइलचा कॅन नरसाळ्यावर धरून थांबायची. "अहो, बसला का?" असं ती विचारायची. "बसला, ओत," असं खालून उत्तर आल्याशिवाय एक थेंब ओतायची नाही. मग ऑइल मोजायची पट्टी काढून उशीच्या जुन्या खोळीला पुसणं, परत घालून बघणं, गाडी चालू करून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सीटवर बसणं, हे सगळं तिचं. तो खाली मान वाकडी करून कुठे गळतंय का बघायचा. गाडी तिचीच होती. चालवायचीही बहुतेक तीच.

तो पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होता. उभी नोकरी जमिनीखालचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. अर्ध्या शहराची आंघोळ माझ्या हातात आहे, असं तो ऐटीत सांगायचा. बायको म्हणायची, आधी स्वतःची उरका.

ती गेली. दवाखान्याच्या शेवटच्या फेरीला गाडी त्याने चालवत नेली आणि तिच्या चपला मागच्या सीटवर ठेवून एकट्याने परत आणली.

घर गावाबाहेर, चढावर. तिथे बस येत नाही. किराणा, औषधं, डॉक्टर, सगळं खाली गावात. मुलगी म्हणाली, बाबा, आमच्याकडे चला. तो नाही म्हणाला. या घरात ती कुठल्या ना कुठल्या खोलीत असेल असं त्याला अजून वाटायचं. मुलीच्या फ्लॅटमध्ये ती कुठल्याच खोलीत नव्हती. हे मुलीला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने गुडघ्यांचं आणि लिफ्टचं काहीतरी कारण दिलं. बरीच हुज्जत झाली. शेवटी मुलीने एक अट घातली. जोवर गाडी चालतेय आणि तुमचं तुम्हाला नीट जमतंय, तोवर राहा. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी वाद घालायचा नाही, बॅग भरायची. त्याने मान्य केलं. त्या दिवसापासून ती गाडी म्हणजेच त्याचं घर झालं.

ती गेल्यानंतर पहिल्यांदा ऑइल बदलायची वेळ आली, तेव्हा त्याने सगळं नेहमीच्या क्रमाने मांडलं. खाली गेला, बोल्ट काढला, ऑइल सोडलं. पाठ दुखली म्हणून जरा बाहेर येऊन बसला. मग उठला आणि नरसाळ्यातून नवं ऑइल ओतायला लागला. कॅन निम्मा रिकामा झाला तेव्हा पायाला काहीतरी चिकट लागलं. घमेलं भरून ऑइल फरशीभर पसरलं होतं, आणि बोल्ट मघाशी ठेवला होता तिथेच, वर्तमानपत्रावर.

भुसा टाकला, साबण ओतला, खराट्याने घासघास घासलं. डाग काही हटला नाही. रविवारी मुलगी आली ती दारात तो डाग बघूनच थांबली. त्याने कॅन कलंडला म्हणून सांगितलं. मुलगी बापाचीच, तिला ते पटलं नाही. मग खरं काय ते बाहेर आलं.

जावई कचेरीत बसून काम करणारा, साधा माणूस. हातात पाना धरला तर चमचा धरल्यासारखा धरायचा, पण व्हिडिओ बघून बघून त्याला सगळं माहीत असायचं. तो म्हणाला, यावर उपाय आहे, बाबा. बोल्ट काढूनच टाकायचा आणि त्याच्या जागी छोटी तोटी बसवायची. खटका फिरवला की ऑइल सुटतं, उलटा फिरवला की बंद. पाना नको, वायसर नको, दरवेळी आवळून चेंबरचे आटे जायची भीती नको. तोटीला नळी लावून ती थेट डब्यात सोडायची, फरशीवर एक थेंब पडणार नाही.

व्हॉल्व्हमनला हे आवडलं नाही. रस्त्यावरचा दगड लागून उघडली तर, असं त्याने विचारलं. जावई म्हणाला, खटक्याला चाप असतो, उचलल्याशिवाय तो फिरतच नाही. दगडाचं खरं तर सासऱ्यालाही फारसं वाटत नव्हतं. खरं होतं ते त्याने मग सांगितलं.

"जावईबापू, बोल्ट काढला की तो तुमच्या हातात असतो. हातात आहे म्हणजे गाडीत नाही, हे आंधळ्यालाही कळतं. तोटी उघडी काय नि बंद काय, वरून सारखीच दिसते. मी जन्मभर तेच बघितलंय."

"पण हातात असूनही विसरलातच ना?" मुलगी म्हणाली. "तोटी बसवा, नाहीतर गाडी विका. आणि जन्म तोट्या फिरवण्यात गेला, तुम्हाला एक तोटी जड आहे का?"

यावर तो हसला. ती अगदी आईसारखी बोलली होती.

पुढच्या खेपेला जावयाने तोटी आणली आणि आपल्या हाताने बसवली. चांगल्या शर्टावर ऑइल सांडून घेतलं. सासऱ्याने पाना पुढे केला तर नको म्हणाला, जोर जास्त झाला आणि आटे गेले तर काय घ्या. हातानेच आवळली, शेवटचा आटा बसेपर्यंत. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा होता. सासऱ्यालाही बरं वाटलं. त्या घरात खूप दिवसांनी कुणी काहीतरी नीट केलं होतं.

पुन्हा ऑइल बदलायचे दिवस आले, तेव्हा थंडी होती. सकाळीच त्याने चटई टाकली, नळी मोठ्या कॅनमध्ये सोडली, चाप उचलून खटका फिरवला. काम खरंच सोपं होतं. हातसुद्धा धड काळे झाले नाहीत. आता खाली थांबायचं कारणच उरलं नव्हतं, म्हणून तो पायरीवर येऊन बसला. ती असती तर या तोटीला काय म्हणाली असती याचा विचार करत राहिला. आधी नाक मुरडलं असतं आणि मग शेजारणीला बोलावून दाखवली असती. नळीतून आवाज येईनासा झाला तसा तो उठला, नरसाळं लावलं आणि नवं ऑइल ओतलं. सगळं.

वर उभं राहून कुणी काही विचारलं नव्हतं. खालून कुणी उत्तर द्यायचं नव्हतं.

झाकण लावलं. पट्टी बघायची असते हे त्याला आठवलं नाही, कारण पट्टी त्याने कधी बघितलीच नव्हती. गाडी चालू केली आणि सवयीप्रमाणे लगेच उतरून खाली वाकला. फरशी कोरडी. एक थेंब नाही. जावई हुशार आहे खरा, असं त्याच्या मनात आलं. समोर लाल दिवा तसाच जळत होता, पण सीटवर कुणी नव्हतं. थंडी आहे, गाडी जरा तापू दे, म्हणून तो मागच्या नळावर हात धुवायला गेला. साबण सापडेना. मग नखं घासत बसला.

आधी बारीक टकटक आली. त्याला वाटलं शेजारी काहीतरी ठोकताहेत. मग घासल्यासारखा एक लांबट आवाज आला आणि गाडी बंद पडली. इतकी एकदम, की नळाची धार त्याला मोठ्याने ऐकू आली.

ओल्या हातांनीच त्याने गाडीखाली डोकं घातलं. खटका उघड्या बाजूला होता. नवं, मधासारखं ऑइल जुन्यात मिसळून कॅनमध्ये आरामात बसलं होतं. फरशीवर खरंच एक थेंब नव्हता. बोल्ट असता तर पाय तरी चिकटले असते.

त्याने खटका फिरवून बंद केला आणि कॅन नळीसकट उचलून न्हाणीमागे ठेवला. का, ते त्यालाही त्या वेळी सांगता आलं नसतं. उघडं दिसलं की बंद करायचं, ही हाताची सवय. कॅन मात्र हाताने सवयीने उचलला नव्हता.

गावातला गॅरेजवाला येऊन बघून गेला. इंजिन जाम झालं होतं, आत ऑइलचा पत्ता नव्हता. त्याने वाकून तोटी बघितली आणि नाक उडवलं. असली फॅडं कोण बसवतं, आधीच्या बोल्टला काय झालं होतं, तोटी ढिली राहिली असणार, वाटेत सगळं गळून गेलं, असं तो आपणहून म्हणाला. व्हॉल्व्हमनने त्याला फेरीचे पैसे दिले. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा गॅरेजवाला काय म्हणाला तेवढंच त्याने सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

रविवारी मुलगी-जावई दोघं आली. गाडीतून उतरतानाच दिसत होतं की वाटभर भांडण झालंय. जावई कुणाकडे न बघता सरळ गाडीखाली शिरला आणि बॅटरी लावून बराच वेळ तोटी चाचपत राहिला. मुलगी उभी राहून बोलत होती. घरात साधा दिवा बदलायचा तर माणूस बोलवावा लागतो आणि हे निघाले इंजिनं दुरुस्त करायला. आईची एवढी एक वस्तू चालती राहिली होती, तीही घालवली. बॅटरीचा उजेड हलायचा थांबला. जावई तसाच खाली पडून राहिला. बोलणी निजून खाणं त्याला सोपं वाटलं असावं.

बाहेर आला तो अंग न झटकताच सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी घट्ट आवळायला भ्यायलो, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही पाना देत होतात, मीच नको म्हटलं. आमची गाडी इथे ठेवा. मी बसने जाईन कामाला. तुम्ही इथून हलायचं कारण नाही."

मुलीने मान हलवली. म्हणजे हे वाटेत ठरून आलं होतं. आता सासऱ्याने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की गाडी, आणि गाडी आली की घर. जावयाच्या बाहीवर ऑइलचा पट्टा उमटला होता आणि तो दुसऱ्या बाहीने पुसायला बघत होता. आता दोन्ही बाह्या खराब झाल्या होत्या.

"तोटी घट्टच आहे," सासरा शेवटी म्हणाला. "मी ती उघडी ठेवून वरून ऑइल ओतलं. नंतर बंद केली. कॅन न्हाणीमागे आहे, बघा हवं तर."

कुणी बघायला गेलं नाही. जावयाने सुस्कारा टाकला, त्यात सुटका होती, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटल्यासारखी मान खाली घातली. मुलगी पायरीवर बसली. ती ओरडेल असं बापाला वाटलं होतं. ती अगदी हळू आवाजात बोलली.

"बाबा, गॅस बंद करता ना रोज?"

तो विचार करू लागला. काल चहा केला. बटण फिरवलेलं डोळ्यांसमोर येत होतं, पण ते कालचं की परवाचं, की ती असतानाचं, हे काही केल्या ठरेना. हो म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं. पण नुकतंच एक खरं बोलून झालं होतं आणि त्याचं तोंड अजून तसंच होतं.

"बहुतेक," तो म्हणाला.

मुलगी उठली आणि बॅग शोधायला आत गेली. अटीची तिने आठवणसुद्धा करून दिली नाही.

दुपारी तिघं निघाले. भंगारवाल्याकडे गाडी पोचवायची होती आणि त्याची वखार वाटेवरच होती. जावयाने आपल्या गाडीला दोर बांधला. मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायला कुणीतरी बसावं लागतं, आणि मुलगी रडत होती. मी बसतो, असं तो म्हणाला. जावयाने त्याला चारदा बजावलं, दोर ताणलेला ठेवा, उतारावर तुम्ही माझ्यावर येऊ नका, माझे मागचे दिवे लागले की ब्रेक मारा. तो ऐकून घेत गेला.

इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक जोर लावल्याशिवाय लागत नाही. घराकडे वळून बघायचं त्याच्या मनात होतं, पण वळणावर दोन्ही हात गुंतले. मग उतार लागला. पुढे लाल दिवे लागले. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला.