तेवीस मिनिटांची बाजू

अमेरिकेत, सांता क्लारातल्या त्या घरात शनिवारी जेवणं आटोपली की तेवीस मिनिटं कुणी ब्र काढायचा नाही, हा नियम पुरुषोत्तमरावांनी लग्नानंतर लगेच घालून दिला होता. हॉलंडच्या कुठल्याशा बँडची रेकॉर्ड लागायची. अख्ख्या बाजूभर एकच गाणं! सुमित्राबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. लेक सई लहान असताना तिला घेऊन त्या सरळ अंगणात जाऊन बसायच्या. कुणाचा नवरा पत्ते कुटतो, कुणाचा क्रिकेट बघतो. यांच्या नशिबी हे आलं, त्याला कोण काय करणार?

पण गेली चार वर्षं पुरुषोत्तमरावांचे कान जात चालले होते. मशीन लावूनही समोरच्याचं बोलणं कळेना. सईशी फोनवर बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसवून घ्या, बोललेलं पुष्कळ कळू लागेल. मात्र संगीत पूर्वीसारखं ऐकू येईल याची खात्री नाही, आणि उरलंसुरलं येतंय तेही ऑपरेशनमध्ये जाऊ शकतं. झालं. पुरुषोत्तमरावांनी अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केली.

"त्या रेकॉर्डपायी?" भेटायला आलेल्या सईने कागदावर लिहून विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

सुमित्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांचा संसार एका पारड्यात, परक्यांचं गाणं दुसऱ्यात, आणि जड कोण? त्यांनी बोलणंच सोडलं. नाहीतरी ऐकतंय कोण! आठवडाभर ताट वाढलं, पण ओठ म्हणून हलवले नाहीत. आठव्या दिवशी पुरुषोत्तमराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझा आवाज कसा होता, ते आठवावं लागतंय मला," ते म्हणाले. "तारीख घेतो ऑपरेशनची."

ऑपरेशन झालं. महिन्याभराने नवं मशीन चालू केलं. आधी सगळी माणसं रोबोटसारखी बोलतात म्हणायचे. मग हळूहळू कान सरावला आणि सईचं फोनवरचं बोलणं कळू लागलं. सुमित्राबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मग एका शनिवारी पुरुषोत्तमरावांनी रेकॉर्ड लावली. पाच मिनिटांत ती थांबली. सुमित्राबाई ओटा पुसता पुसता बाहेर आल्या.

"नुसता खडखडाट आहे," पुरुषोत्तमराव म्हणाले. "डब्यात खडे घालून हलवावेत तसा." आणि ते रेकॉर्ड पाकिटात घालू लागले.

सुमित्राबाईंनी त्यांचा चेहरा बघितला. आपण हट्टाने या माणसाचं काय काढून घेतलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"लावा ती परत," त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसल्या.

"काय उपयोग?"

"मला येतंय ना ऐकू. मी सांगते."

सुई टेकली. सुमित्राबाईंना धड एका वाद्याचं नाव माहीत नव्हतं. "पेटीसारखं काहीतरी वाजतंय," त्या म्हणाल्या. "अगदी हळू. देवळात कुणी नसताना वाजवावी तशी."

"ऑर्गन." पुरुषोत्तमरावांनी डोळे मिटले. "पुढे?"

"आता बासरी आली वाटतं."

"ती गिटार असेल. बासरीला अवकाश आहे. थांब जरा."

सुमित्राबाई थांबल्या. "आली हो," त्या म्हणाल्या. "खरंच आली."

अशा त्या बोलत राहिल्या. बाजू संपली तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

"शेवटी सगळे मिळून गातात," पुरुषोत्तमराव म्हणाले. "ते नाही सांगितलंस."

"मला रडू येत होतं," सुमित्राबाई म्हणाल्या.